कढईतले लोह आणि रक्तातले लोह

गेल्या काही वर्षांत माझ्या दवाखान्यात एक प्रश्न वारंवार कानी येऊ लागला आहे. रक्ताचा अहवाल हातात घेऊन बसलेली सून विचारते, "डॉक्टर, गोळ्यांऐवजी सासूबाईंचे जेवण लोखंडी कढईत केले तर चालेल ना?" प्रश्नामागे काळजी आहे आणि त्यात तथ्यही आहे. तथापि पूर्वी मी जितक्या सहजपणे मान डोलवीत असे, तितक्या सहजपणे आता डोलवीत नाही. त्याचे कारण आधी सांगतो.

इंदापूर तालुक्यातील एका गावच्या बहात्तर वर्षांच्या आजी थकव्याची तक्रार घेऊन आल्या होत्या. हिमोग्लोबिन ९ होते. मी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि बोलता बोलता लोखंडी कढईचाही सल्ला दिला. गोळ्यांनी मळमळते म्हणून त्या आठवड्याभरात बंद झाल्या. कढई मात्र घरात आली आणि निष्ठेने वापरली गेली. चार महिन्यांनी आजींना दोघांनी धरून आणले. हिमोग्लोबिन साडेसहावर उतरले होते. शौचाचा रंग विचारला, तर सून म्हणाली, "काळीच होते, पण ती कढईतल्या भाजीमुळे असेल, असे आम्हाला वाटले." आजी गुडघ्यांसाठी दोन वर्षे औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून घेत होत्या. दुर्बिणीच्या तपासणीत जठरात व्रण सापडला. त्यातून थेंबथेंब रक्त जात होते. पहिल्याच भेटीत त्या गोळ्यांविषयी मी विचारावयास हवे होते. मी विचारले नाही.

म्हणून हे नीट लक्षात घ्यावे. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळपट वा हिरवट होते, पण ती डांबरासारखी चिकट आणि उग्र दुर्गंधीची नसते. कढईतल्या भाजीने तर एवढाही बदल सहसा होत नाही. डांबरासारखी शौच म्हणजे पोटात रक्तस्राव, असे समजून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. तरुण स्त्रीच्या रक्तक्षयाची कारणे बहुधा आहार, मासिक पाळी आणि बाळंतपण यांत सापडतात. पाळी थांबलेली स्त्री किंवा कोणत्याही वयाचा पुरुष यांच्यात लोह कमी पडले, तर ते जाते कोठे, याचा शोध आधी घ्यावा लागतो. व्रण, मूळव्याध, मोठ्या आतड्यातील गाठ यांपैकी काहीही असू शकते, आणि गाठ असेल तर चार महिने फार मोलाचे असतात.

आता कढईची बाजू. लोखंडी भांड्यातून अन्नात लोह उतरते, हे खरे आहे. १९८६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टोमॅटोच्या रश्शातील लोह शंभर ग्रॅममागे सुमारे ०.६ मिलिग्रॅमवरून ५ मिलिग्रॅमच्या वर गेल्याचे आढळले. १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात इथिओपियातील लहान मुलांवरचा अभ्यास आला. लोखंडी भांड्यात शिजवलेले अन्न खाणाऱ्या मुलांचे हिमोग्लोबिन ॲल्युमिनियमच्या भांड्यांतील अन्न खाणाऱ्या मुलांपेक्षा अधिक सुधारले होते. मात्र लोह उतरण्यासाठी पदार्थ आंबट असावा, पातळ असावा आणि काही वेळ शिजावा लागतो. चिंचेची आमटी, टोमॅटोचा रस्सा, आंबट चुक्याची भाजी यांत ते उतरेल. तव्यावर दोन मिनिटे टेकलेल्या भाकरीत फारसे नाही. रक्त वाढावे म्हणून केवळ तवा बदलणाऱ्यांची निराशा होते, ती यामुळे. शिवाय एका गोळीत ६० ते १०० मिलिग्रॅम लोह असते. वाटीभर आमटी त्या गोळीची जागा घेऊ शकत नाही. जेवणाबरोबर लिंबू पिळून घ्यावे आणि जेवणानंतरचा चहा तास-दीड तास पुढे ढकलावा. या दोन सवयींनी अन्नातील लोह अंगी लागण्यास मदत होते.

ज्यांना थॅलेसेमियासारखा विकार आहे आणि वारंवार रक्त चढवावे लागते, त्यांच्या शरीरात लोह आधीच साठत असते. त्यांच्यासाठी आंबट पदार्थ लोखंडी भांड्यात शिजवू नयेत.

विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बिडाचे नांगर काढले, तेव्हा लोखंडाने जमीन नासेल अशी भीती शेतकऱ्यांना वाटत असे. आज आपण अगदी दुसऱ्या टोकाला गेलो आहोत. लोखंडाने सर्व काही बरे होईल, असे मोबाइलवरचे संदेश सांगतात.

भांडे निवडताना माझा पहिला प्रश्न असतो तो ते उचलणाऱ्या मनगटाविषयी. बीड म्हणजे ओतीव लोखंड. ते जाड असते, सावकाश तापते, उष्णता धरून ठेवते. त्यावरचे धिरडे आणि आंबोळी उत्तम सुटते. पण दहा इंची तवा दोन किलोंच्या आसपास भरतो, आणि कढईत आमटी असेल तर वजन आणखी वाढते. संधिवाताने सुजलेल्या बोटांना, कंपवाताने थरथरणाऱ्या हातांना हे ओझे धोक्याचे आहे. दुकानात भांडे एका हाताने उचलून दहा अंक मोजावेत. मनगट वाकले तर ते भांडे आपले नव्हे. एका लांब दांड्यापेक्षा दोन्ही बाजूंना कान असलेली कढई बरी. ऊसतोडीच्या हंगामात आपल्याकडे रस्त्याच्या कडेला घिसाडी कुटुंबांची पाले पडतात. कोयत्यांबरोबर ते पत्र्याचे तवे आणि लहान कढयाही करतात. अशी घडीव कढई बिडापेक्षा पुष्कळ हलकी असते आणि लोह तिच्यातूनही उतरते. साठी-सत्तरी उलटलेल्यांना मी तीच सुचवतो.

एकट्या राहणाऱ्या आजोबांनी अंडे भाजण्यासाठी हलका निर्लेप तवा वापरला, तर त्यात मला काही वावगे वाटत नाही. १९६८ पासून तेव्हाच्या औरंगाबादच्या त्या कारखान्याचे नावच आपल्या घरांत अशा भांड्यांना पडले आहे. फक्त तो रिकामा तापवत ठेवू नये आणि थर निघू लागला की बदलावा. पितळेच्या भांड्याला मात्र कल्हई असलीच पाहिजे; कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक वा आमटी ठेवली, तर उलट्या होऊ शकतात.

नवा तवा प्रथम गरम पाण्याने स्वच्छ घासावा, पूर्ण कोरडा करावा आणि तेलाचा अगदी पातळ हात फिरवून धूर येईपर्यंत तापवावा. असे तीन-चार वेळा केले की तेलाचा कडक थर बसतो आणि तवा मुरतो. आपल्या भागातील करडईचे तेल यासाठी चांगले, कारण ते लवकर वाळते. तेल जास्त झाले तर तवा चिकट होतो. पुढे रोज वापर झाल्यावर कोमट असतानाच नारळाच्या शेंडीने धुवावा, लगेच मंद आचेवर सुकवावा आणि तेलाचे बोट फिरवावे. थोड्या साबणाने मुरलेला तवा बिघडत नाही. रात्रभर पाण्यात ठेवल्याने बिघडतो. तापलेल्या बिडावर गार पाणी ओतले तर ते तडकते. गंज चढलाच तर घासून पुन्हा मुरवावा. तेवढ्या गंजाने विषबाधा होत नाही, आणि धनुर्वात गंजाने नव्हे, जखमेत शिरलेल्या जंतूंमुळे होतो. आंबट पदार्थ शिजताच दुसऱ्या भांड्यात काढावा, अन्यथा तो काळा पडतो आणि लोखंडाची चव येते.

काळ्या तव्याचा आणखी एक धोका आहे. तो तापलेला असो वा गार, दिसतो सारखाच, आणि गॅस बंद केल्यावरही बराच वेळ चटका देतो. दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांच्या बोटांना कधी कधी चटक्याची जाणीवच होत नाही. सकाळी फोड दिसतो तेव्हा कळते. विसरभोळ्या वृद्धांच्या घरात याहून अधिक जपावे लागते.

त्या आजींची वेदनाशामक गोळी बंद झाली, व्रण भरला, लोह शिरेतून द्यावे लागले. गेल्या महिन्यात हिमोग्लोबिन ११ झाले. कढई अजून घरात आहे, पण ती उतरवण्याचे काम नातवाकडे आहे. सुनेने एक युक्ती काढली आहे. तवा गरम असेपर्यंत त्यावर चिमटा आडवा ठेवलेला असतो, आणि चिमटा दिसला की आजी तिकडे हात नेत नाहीत.