सुखाची शिडी आणि जेवणाचा पाट

भूतानने सकल राष्ट्रीय उत्पादनाऐवजी सकल राष्ट्रीय आनंदाचा विचार मांडला, त्याला आता अर्धशतक झाले. २०१२ पासून जागतिक आनंद अहवालही निघतो. २०२५ च्या अहवालात १४७ देशांत आपला क्रमांक ११८ वा होता. त्यासाठी माणसाला एक शिडी कल्पायला सांगतात, तळाशी शून्य, वर दहा, आणि तो कितव्या पायरीवर उभा आहे ते विचारतात. घोटाळा ह्या प्रतिमेतच असावा असा माझा संशय आहे. आपल्याकडे शिडीवर चढतो तो वायरमन किंवा चुना लावणारा. सुख भोगायचे तर माणूस खाली, पाटावर बसतो.

मग खाण्यातूनच मोजावे काय? कंदी पेढ्यांचा खप धरला तर दहावीच्या निकालादिवशी सातारा फिनलंडला सहज मागे टाकील. पण नव्वद टक्के स्वस्त झाल्यापासून पेढ्याचेही अवमूल्यन झाले आहे. शिवाय तो तोंडात पडल्यावर शेजाऱ्याचे सुख किती घटते, ह्याचा हिशेब कोण ठेवणार? त्या मानाने सांगलीचे भडंग विश्वासार्ह. फोडलेला पुडा स्टाफरूममध्ये कुठे ठेवला जातो, एवढेच पाहावे. टेबलाच्या मधोमध असेल तर विभाग सुखी; खणात गेला तर कार्यभार कमी झाल्याचे पत्र आले आहे असे समजावे. तासिका तत्त्वावर शिकवणारे सहकारी टेबलाजवळ फारसे थांबतच नाहीत, म्हणून ते ह्या मोजणीतून सुटतात.

गंमत म्हणजे अहवालकर्त्यांनाही अखेर पंगत आठवली. २०२५ च्या अहवालात एक प्रकरण सहभोजनावर आहे. गेल्या सात दिवसांत दुपारची आणि रात्रीची किती जेवणे ओळखीच्या माणसाबरोबर घेतलीत, असा त्यातला प्रश्न. प्रश्न चांगला आहे. पण ही ओळख कसली, हे तो विचारत नाही. ओळखीच्याच माणसांबरोबर तर आपण पिढ्यान्‌पिढ्या जेवत आलो. ओळखीची म्हणजे जातीची. साताऱ्यात भाऊराव पाटलांनी १९२४ साली वसतिगृह काढून निरनिराळ्या जातींची मुले एका पंगतीला बसवली, तेव्हा तिथे मोजण्याजोगे काही घडत होते. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले. हा खर्च सुखाच्या कोणत्या बाजूला मांडायचा?

परवा एम.ए.च्या वर्गात अहवालातला तो प्रश्न मी फळ्यावर लिहिला. मुलांनी चौदापैकी बारा, तेरा असे आकडे भराभर सांगितले. जतकडची एक विद्यार्थिनी मात्र अडली. "सर, आई सगळ्यांना वाढून मागून जेवते. ती आमच्याबरोबर जेवली असं धरायचं का?"

मी खडू हातात घेऊन उभा राहिलो. वर्गात आणखी कुणालाच हा प्रश्न पडला नव्हता आणि खरे सांगायचे तर मलाही नाही. माझा स्वतःचा आकडा मी चौदा असा वहीत आधीच लिहून ठेवला होता. तो खोडून किती लिहावा, हे घरी विचारल्याशिवाय कळणार नव्हते.