सिमेंटला फाशी कशाला?

टेनिस खेळणाऱ्याने पन्नाशी गाठली की क्लबातला प्रत्येक जण वैद्य होतो. ‘सिमेंट सोडा, मातीवर या, नाहीतर गुडघे गेलेच म्हणून समजा!’ हा सल्ला अर्धाच खरा आहे.

तो अर्धा आधी मान्य करू. सिमेंटच्या म्हणजे हार्ड कोर्टवर बूट जागीच पकडला जातो, आणि धावते शरीर एकदम थांबवण्याचा दणका टाच, घोटा व गुडघ्याला बसतो. मातीच्या म्हणजे विटांच्या चुऱ्याच्या कोर्टवर पाय घसरत थांबतो, दणका सौम्य होतो. इथवर वाद नाही.

पण माती फुकट काही देत नाही. तिच्यावर चेंडू मंदावतो, उंच उसळतो, रॅली लांबते. गुडघ्याचे वाचले ते जांघ, कंबर आणि खांद्याकडून वसूल होते. आणि गुडघ्याचे तरी वाचते का? जोकोविचच्या उजव्या गुडघ्यातली गादी फाटली ती २०२४ साली, वयाच्या ३७ व्या वर्षी, फ्रेंच ओपनच्या मातीवरच.

हिरवळीचे भक्त फेडररचा दाखला देतात. २०१७ मध्ये मातीचा अख्खा हंगाम टाळून ३५ व्या वर्षी त्याने विम्बल्डन जिंकले, हे खरेच. त्याच वर्षी आणि पुढच्याही वर्षी तो मेलबर्नच्या हार्ड कोर्टवर ऑस्ट्रेलियन ओपन जिंकला, हे मात्र कुणी सांगत नाही. गवतावर पॉइंट लवकर संपतात, पण चेंडू खालून सरपटत येतो. प्रत्येक फटक्याला गुडघे वाकवा! शिवाय विम्बल्डनच्या सुरुवातीला गवत निसरडे असते. २०२१ मध्ये एकाच दिवशी सेंटर कोर्टवर मानारिनो आणि सेरेना घसरले. दोघांनाही सामना सोडावा लागला.

आता रोहन बोपण्णा पाहा. २०२४ ची ऑस्ट्रेलियन ओपन दुहेरी त्याने ४३ व्या वर्षी जिंकली, तीही हार्ड कोर्टवर. गुडघ्यांत कूर्चा उरलेली नाही असे तो स्वतः सांगतो आणि श्रेय देतो अय्यंगार योगाला, म्हणजे आपल्या पुण्यात वाढलेल्या परंपरेला. दुहेरीत निम्मेच कोर्ट सांभाळायचे असते, हा आक्षेप रास्त आहे. मग पन्नाशीच्या माणसाने तेच करावे की!

तेव्हा आधी आपले दुखते काय ते पाहा. टाच किंवा गुडघा कुरकुरत असेल तर माती बरी. जांघ वा खांदा धरत असेल तर लांब रॅलींच्या वाटेला जाऊ नका. मांडी-पोटरीचे स्नायू बळकट करा, दणका तेच पचवतात. कोर्ट बदलायचे तर हळूहळू बदला. आणि मातीवर जाणारच असाल, तर सिमेंटवर झिजून गुळगुळीत झालेले बूट घरी ठेवून जा.