पहिले पिस्तूल

पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली मनू भाकरने नेमबाजीची दोन कांस्यपदके जिंकल्यावर अनेक घरांतील मुलांना पिस्तूल हवेसे वाटले, तर नवल नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबतने तर २०१८च्या आशियाई क्रीडा स्पर्धेतच २५ मीटर प्रकारात सुवर्णपदक मिळविले होते. त्या प्रकारातील .२२चे पिस्तूल अर्धस्वयंचलित. एक गोळी सुटताच दुसरी आपोआप नळीत येते. मुलाने पहिल्याच दिवशी तेच मागितले, तर पालकांनी तूर्त नकार द्यावा. परवान्याची अडचण आहेच. पण खरा प्रश्न हाताच्या शिस्तीचा आहे. पुढची गोळी सज्ज असली की नवशिका घाई करतो. दहा मीटरच्या हवेच्या पिस्तुलात प्रत्येक छर्रा हाताने भरावा लागतो. तेवढ्या अवधीत श्वास आणि मन ठिकाणावर येते.

प्रारंभी प्रशिक्षण केंद्राचेच पिस्तूल वापरावे. पुढे स्वतःचे घेताना नाममुद्रेच्या प्रतिष्ठेपेक्षा (ती शेजाऱ्यांसाठी असते) मूठ पाहावी. मूठ तळव्यात सैल असेल, तर चाप ओढताना नळी हमखास ढळते. आणि ४.५ मिलिमीटरच्या अशा पिस्तुलाला परवाना लागत नसला, तरी घरात ते कुलपातच राहिले पाहिजे.