बुद्धिवर्धक गोळ्या आणि पिशवीचे कोडे

'एकाग्रता वाढवा', 'स्मरणशक्ती तल्लख करा' अशा जाहिराती परीक्षांच्या हंगामात उदंड होतात. शोळिंगनल्लूरसारख्या माहिती-तंत्रज्ञानाच्या वसाहतीत, जिथे अनेकांचा दिवस परदेशी घड्याळावर चालतो, त्यांना वर्षभर गिऱ्हाईक असते. म्हणून या गोळ्यांनी विचारशक्ती खरोखर वाढते का, हे तपासून पाहायला हवे.

2023 साली 'सायन्स अ‍ॅडव्हान्सेस' या नियतकालिकात मेलबर्नच्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. 40 निरोगी तरुणांना मोडाफिनिल, मिथाइलफेनिडेट, डेक्सअ‍ॅम्फेटामिन आणि औषधविरहित गोळी आळीपाळीने देऊन एक कोडे घातले गेले: वजनाची मर्यादा असलेल्या पिशवीत जास्तीत जास्त मोलाच्या वस्तू कशा भराव्यात? औषध घेतल्यावर तरुण अधिक वेळ झटले, वस्तूंची अधिक उलथापालथ केली. पण त्या परिश्रमांचा दर्जा घसरला. भौतिकशास्त्राच्या भाषेत, चाल वाढली, दिशा हरपली.

शिवाय मोडाफिनिल हे डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच मिळायला हवे असे औषध आहे. निद्रानाश, अस्वस्थता आणि क्वचित त्वचेचे गंभीर विकार ही त्याची किंमत.

'वनस्पतिजन्य' या शब्दानेही निर्धास्त होऊ नये. गिंकोच्या अर्काची चाचणी अमेरिकेत 3,069 ज्येष्ठांवर सुमारे सहा वर्षे चालली. 2008 च्या निष्कर्षानुसार त्याने स्मृतिभ्रंश टळला नाही.

मग सारीच पूरके व्यर्थ आहेत का? तसे नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी आपल्याकडे बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता किती सर्वदूर आहे, हे दाखवून दिले. ही कमतरता मज्जासंस्थेला व स्मृतीला बाधते. रक्ततपासणीत ती आढळल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने भरून काढलीच पाहिजे. मात्र तूट भरून काढणे आणि तूट नसताना गोळ्या गिळणे यांत फरक आहे.

सौम्य उपायांच्या बाजूने पुरावा अधिक भक्कम आहे. 2011 च्या एका अभ्यासात 120 ज्येष्ठांपैकी ज्यांनी वर्षभर नियमित वेगाने चालण्याचा व्यायाम केला, त्यांच्या मेंदूतील स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस हा भाग सुमारे 2 टक्क्यांनी वाढला. दिवसभर शिकलेले पक्के होते ते झोपेत. जागरणाने नेमके तेच गमावले जाते.

परीक्षेच्या आदल्या रात्री गोळी शोधणाऱ्या मित्राला एवढेच सांगावे: पुस्तक मिट आणि झोप.