पंधरा तोळ्यांचे विमान

या सदराच्या वाचकांना आमची अक्का नवी नाही. हुपरीला दिलेली, बोलायला फटकळ, आणि माझ्या लेखांतली निम्मी शहाणी वाक्ये मुळात जिची, तीच ही. २०२५ च्या दिवाळीत तिच्याकडे गेलो तो चकल्यांच्या आशेने. सोप्यात पाऊल टाकतो तर चौरंगावर चकल्यांच्या डब्याऐवजी विमान!

हुपरी हे चांदीचे गाव. पैंजणाला जितकी अंगे तितके हात लागतात. कुणी तार ओढतो, कुणी कड्या जोडतो, कुणी झाळतो, कुणी घुंगरू लावतो. अक्काच्या घरात दुसरा विषय नसतो. त्यात त्या वर्षी चांदी किलोमागे लाखाच्या पुष्कळ वर गेलेली. भाव चढला की गिऱ्हाईक पैंजण सोडत नाही, पण ते हलके मागते. दिसायला तेवढेच, वजनाला निम्मे. दाजी आणि माझा भाचा वर्षभर त्याच खटाटोपात होते. अशा घरात भाच्याच्या मुलीने विमान करायला घेतले होते.

मुलगी बारावीत. मे महिन्याच्या सुटीत घुंगरे जोडून तिने जे पैसे साठवले, ते बापाच्या मनातून सीईटीच्या क्लासला जायचे होते. ते गेले मोटरीत आणि रेडिओत. घरात आठ दिवस अबोला, आणि शेवटी तह. पाडव्याला विमान नीट उडाले तर ठेवायचे. पडून मोडले तर रेडिओ विकायचा आणि क्लास लावायचा. पोरीने मुकाट्याने मान डोलावली होती.

"आबा, हे बघा," म्हणून ती दाजींना दाखवायला जाई, आणि दाजी काट्यावरची नजर न काढता म्हणत, "थर्माकोल कुठलं उडतंय, बाळ? वाऱ्यानं उडंल तेवढंच."

थर्माकोल ते नव्हतेच म्हणा. त्याच्याच कुळातला, पण दाट आणि गुळगुळीत तक्ता, डेप्रॉन म्हणतात. तीन मिलिमीटर जाडीचा, सुरीने कापावा. त्याचे सपाट पंख, सपाट अंग, आत ताठपणासाठी कार्बनच्या काडीएवढ्या सळ्या. पंखांचा पसारा एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत ऐंशी सेंटिमीटर. प्रवासी विमानाच्या पंखाला वरून फुगीर आकार असतो. कसरतीच्या या विमानाला तो मुद्दाम दिलेला नसतो, कारण त्याला निम्मा वेळ उलटे उडायचे असते. वरची बाजू खालच्यासारखीच ठेवली की विमानाला सुलटे काय नि उलटे काय, सारखेच.

पहिले अंग वाया गेले. साधा झटपट चिकटणारा गोंद लावला आणि डोळ्यांदेखत फोमला भोक पडले, गुळाच्या खड्यावर पाणी पडावे तसे. फोमला न खाणारा गोंद निराळा मिळतो, हे त्या भोकाने शिकवले. तारांची जोडणी मात्र एका बैठकीत झाली. टाकणखार लावून फुंकणीने चांदी झाळताना जिने लहानपणापासून पाहिले, तिला कथलाचा डाग द्यायला कितीसा वेळ?

पण तिचे खरे कसब मला दिसले ते वहीत. डाव्या हाताला वस्तू, उजव्या हाताला वजन. मोटर २४ ग्रॅम. मोटरीला वीज कमीजास्त सोडणारा नियंत्रक १०. रेडिओचा संदेश घेणारी डबी ६. पंखांचे आणि शेपटीचे पडदे हलवणारी तीन छोटी यंत्रे, पाचपाच प्रमाणे १५. पंखा ६, बॅटरी ४२, आणि फोमचा सांगाडा ७२. बेरीज १७५. दाजींच्या हिशेबात सांगायचे तर पंधरा तोळे! मोटरीचा ओढा मात्र तीनशे ग्रॅमच्या आसपास. वजनापेक्षा ओढा मोठा, म्हणून असले विमान नाक आभाळाकडे करून हवेत नुसते लटकू शकते. पंख्याचा झोत शेपटीवरून वाहत असतो, त्यामुळे जागच्या जागीही शेपटीचे पडदे काम करतात. वजन वाढत जाईल तशी ती ऐट उणावते.

बॅटरी लिथियम-पॉलिमरची. आकाराने आगपेटीपेक्षा थोडी मोठी, पण स्वभावाने फटाक्याची बहीण. तिच्यातला एकेक घट ४.२ व्होल्टच्या वर भरू देता कामा नये. फुगली तर वापरू नये. भरताना उठून जाऊ नये. पोरगी ती गच्चीवर मातीच्या कुंडीत ठेवून भरत असे आणि शेजारी पुस्तक घेऊन बसे. अभ्यास तेवढाच होई, असे अक्काचे म्हणणे.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री जेवणानंतर मी दाजींना एक गोष्ट सांगितली. ३० जून १९५७ रोजी इंग्लंडात कर्नल टॅप्लिन नावाच्या गृहस्थाने 'रेडिओ क्वीन' नावाचे छोटे विमान उडवले. विजेच्या मोटरीवर चालणाऱ्या आणि रेडिओने हाकलेल्या विमानाचे नोंदलेले पहिले उड्डाण ते. त्यात बॅटरी कसली होती? चांदी आणि जस्ताची! वजनाच्या मानाने तिच्याइतका जोर तेव्हाच्या साध्या बॅटऱ्यांत नव्हता. त्याच वर्षी ऑक्टोबरात रशियाने स्पुटनिक सोडला, त्याच्याही पोटात चांदी-जस्ताचीच बॅटरी. महाग, आणि थोड्याच वेळा भरता येणारी. म्हणून पुढे ती मागे पडली.

दाजींनी सुपारी कातरायची थांबवली. "चांदी? विमानात?" आणि मग उठून, पहिल्यांदाच, विमान हातात घेतले. पूजेत काट्याशेजारी ते ठेवलेलेच होते. अक्काने त्यालाही हळदकुंकू लावले होते.

पाडव्याला उजाडता आम्ही गावाबाहेरच्या मैदानात. वारा पडलेला हवा, म्हणून सकाळ. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचे यंत्र सर्वांत लहान 'नॅनो' वर्गात येते. पण उजळाईवाडीचा विमानतळ लांब नाही, तेव्हा मोकळ्या आकाशाचा सरकारी नकाशा पोरीने आधीच पाहून ठेवला होता. तिची खरी भीती विमानतळाची नव्हती, उसाची होती. मैदानाच्या दोन बाजूंना डोक्याच्या वर ऊस. त्यात विमान शिरले तर तोडणीलाच सापडायचे.

विमान हाताने सोडण्याचा मान माझा. मोटर चिरकली, मी सोडले, आणि ते सरळ जायचे सोडून नाक वर करून उधळले. पोरीने खाली दाबले तर भस्सकन खाली. उचलले तर पुन्हा आभाळाला. असे तीन हेलकावे, आणि उसाच्या अलीकडे दहा पावलांवर नाकावर आदळले. मोटरीची बैठक तुटून लोंबली. भाचा काही बोलला नाही. न बोलणे जास्त वाईट असते.

पोरगी तुकडे गोळा करीत होती. "रात्री तोल बघितला होता, मामाआजोबा. बरोबर होता." पंखाखाली तिने पेनाने दोन ठिपके काढले होते. तिथे दोन बोटांवर धरले की विमान आडवे राहायला हवे.

दाजी खाली बसले. मोटर जागच्या जागी दाबून त्यांनी ठिपक्यांवर बोटे दिली. शेपूट हळूच खाली गेले. आयुष्यभर ताजवा धरलेल्या माणसाला एवढे पुरे. त्यांनी शेपटाकडे पाहिले, मग अक्काकडे. "ह्ये कुणी बांदलं?"

शेपटीखाली लाल दोऱ्यात चांदीचे घुंगरू होते. दृष्ट लागू नये म्हणून अक्काने पहाटे गुपचूप बांधलेले!

"दोनच ग्रॅम हाय की!" अक्का म्हणाली.

दोनच ग्रॅम, पण ठिपक्यांपासून अर्धा मीटर मागे. तिथले दोन ग्रॅम फिटायला बेचाळीस ग्रॅमची बॅटरी जवळजवळ अडीच सेंटिमीटर पुढे सरकवावी लागली असती. तागडीच्या लांब दांडीवर लहान वजन मोठ्याला उचलते, त्यातलाच हा प्रकार. मागे जड झालेले विमान लगाम सुटलेल्या घोड्यासारखे वागते; जरा ओढले की उधळते. पोरगी डोळे पुसून हसायला लागली. अक्का मात्र फुरंगटून बसली. देवाचे नाव घेऊन बांधलेले सोडायचे कसे?

तोड दाजींनीच काढली. घुंगरू सोडून त्यांनी बरोबर दोन ठिपक्यांच्या मधोमध पोटाखाली बांधले. काट्याच्या अक्षावर ठेवलेले वजन कुठल्याच पारड्याला झुकवत नाही.

बैठक चिकटवून वाळेपर्यंत पंधरा मिनिटे गेली. फोमच्या विमानाचे हे सुख. पडले तरी सुतक नाही. या खेपेला भाचा पुढे झाला. "मी सोडतो." त्याने सोडले आणि ते दोरीवर सरकावे तसे सरळ गेले. एक वळसा, दुसरा वळसा. मग कुशीवर, मग पाठीवर, आणि पाठीवर पडल्या पडल्या आमच्या डोक्यांवरून गेले. परत येऊन मैदानाच्या मध्ये पुरुषभर उंचीवर नाक वर करून उभे राहिले. शेपूट जमिनीकडे, पंखा भिरभिरतोय, आणि विमान जागेवर थरथरत लटकलेले. मोजून आठ आकडे झाले. भाच्याच्या ओठांवर मोजणी मला दिसत होती.

"घुंगराचा आवाज कुटं ईना," अक्का कुरकुरली. मोटरीच्या चिरकण्यात कुठला यायचा? पाचव्या मिनिटाला बॅटरी संपत आली तशी पोरीने मोटर बंद केली. विमान तरंगत खाली आले, गवताला टेकले आणि घरंगळले. तेव्हा आला.

भाच्याने ते उचलून तळहातावर दोनदा झेलल्यासारखे केले. "एकशेऐंशी," तो म्हणाला.

घरी आल्यावर दाजींनी चप्पलही न काढता ते काट्यावर ठेवले. नव्या गोंदासकट एकशे एकोणऐंशी भरले.

"गिरामभर चुकलास," दाजी म्हणाले, आणि चकल्या मागितल्या.