मुलांना गडावर न्या

1956 पासून सीमाभागाने मराठीसाठी मोर्चे काढले, तुरुंगवास भोगला. पण इंग्रजी शाळेत जाणाऱ्या आपल्या नातवंडांना बुरूज, बांध, लोंबी हे शब्द कोण सांगणार? आम्हांस वाटते, सुट्टीच्या दिवशी मुलांना येळ्ळूरच्या राजहंसगडावर न्यावे. सोबत भाकरी-चटणी घ्यावी. सिद्धेश्वराच्या देवळापाशी टेकावे, 2023 साली अनावरण झालेला शिवपुतळा दाखवावा. मग तटावरून खालचे भाताचे शिवार दाखवीत एकेका गावाचे नाव आपल्या तोंडून सांगावे. यास परवानगी लागत नाही, अनुदानही नाही. येळ्ळूरचा ‘महाराष्ट्र राज्य’ फलक 2014 साली हटविला गेला. आजोबांनी बोट धरून शिकविलेला शब्द कोण हटविणार? येत्या रविवारीच निघावे.