नव्या प्रशिक्षकाकडे पहिल्याच वर्षी ढाल मागू नका

चुडाव्याची पोरं कॉलेजला एक तर पूर्णेला जातात, नाही तर नांदेडला. त्यामुळे तिथल्या एखाद्या कॉलेजात बास्केटबॉलच्या संघाला नवा प्रशिक्षक मिळाला की त्याची चर्चा इथेही होते. स्पर्धांना अजून अवकाश असतो, मैदानावर चिखल असतो, पण लोकांनी निकाल लावून टाकलेला असतो. एक पक्ष म्हणतो, नवे सर आले, यंदा ढाल आपलीच. दुसरा म्हणतो, कोणीही येऊ द्या, हा शहरातल्या उंच पोरांचा खेळ, आपल्याला काय जमणार! दोन्ही मतं मला चुकीची वाटतात. आणि त्यांची किंमत मुलांना मोजावी लागते, म्हणून ती नुसती ऐकून सोडून देता येत नाहीत.

आधी निराशेचा समाचार घेऊ. बास्केटबॉलमध्ये उंचीला महत्त्व आहे, हे कोण नाकारेल? रिंग 3.05 मीटरवर असते, उंच मुलाचा हात तिथे लवकर पोचतो. पण हा खेळ फक्त रिंगखाली खेळला जात नाही. कोर्ट 28 मीटर लांब आणि 15 मीटर रुंद असतं. चेंडू ताब्यात आल्यापासून 24 सेकंदांत शॉट घ्यावाच लागतो. ते 24 सेकंद समोरच्याला सुखाने खेळू न देणं, त्याच्या पुढे सतत पाय हलवत राहणं, यासाठी लागतो तो दम. शेतात राबणाऱ्या, रोज सायकल मारणाऱ्या पोरांत तो नसतो असं कोणी म्हणत असेल तर त्याने ही पोरं पाहिलेलीच नाहीत. मग्सी बोग्स हा अमेरिकेतला खेळाडू जेमतेम पाच फूट तीन इंचांचा होता, तरी 1987 ते 2001 अशी चौदा वर्षं तो एनबीएत टिकला. अपवाद म्हणाल तर म्हणा. पण फ्री थ्रो तर अपवाद नाही! 4.6 मीटरवरून, समोर कोणी आडवं नसताना मारायची ही फेक उंचीवर नव्हे, सरावावर अवलंबून असते. सामन्यात वीस फ्री थ्रो मिळाले आणि दहाऐवजी चौदा पडले तर चार गुण वाढतात. कितीतरी सामने याहून कमी फरकाने हरले जातात.

'शहराचा खेळ' हे तर साफ खोटं आहे. 2015 साली एनबीएच्या निवडीत डॅलस मॅव्हरिक्सने घेतलेला सतनामसिंग भमारा पंजाबातल्या बल्लो के या लहानशा खेड्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा. त्याची उंची सात फुटांच्या वर होती, हे खरं. पण तो घडला तो लुधियानाच्या अकादमीत, सुब्रमण्यन यांच्यासारख्या प्रशिक्षकांच्या हाताखाली. खेड्यातल्या पोराला नेमकी तीच सोय मिळत नाही. उणीव मातीत नाही, व्यवस्थेत आहे.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळतो. हा पक्ष जास्त गोड बोलतो, म्हणून जास्त घातक आहे. त्याचा आवडता दाखला चंद्रकांत पंडितांचा. 2017-18 च्या मोसमात ते विदर्भाचे प्रशिक्षक झाले आणि पहिल्याच वर्षी विदर्भाने रणजी करंडक जिंकला, पुढच्या वर्षी पुन्हा जिंकला. खेळ क्रिकेटचा असला तरी दाखला खरा आहे. अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध रजनीश गुरबाणीची हॅटट्रिकही खरी. पण त्याआधीची वर्षं सांगायला हे लोक विसरतात. विदर्भ 2014-15 आणि 2015-16 या दोन्ही मोसमांत उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचला होता. जामठ्याचं मैदान उभं होतं. फैज फजल वर्षानुवर्षं त्याच संघाकडून खेळत होता, वसीम जाफरसारखा अनुभवी फलंदाज सोबतीला होता. पंडितांनी शिस्त आणली, जिंकण्याची भूक आणली, त्यांचं श्रेय कणभरही कमी करायचं नाही. पण पीक उभं होतं म्हणून त्यांना कापणी करता आली. आपल्या कॉलेजात नांगरणीसुद्धा झालेली नसताना तोच निकाल मागणं अन्यायाचं आहे.

कॉलेज बास्केटबॉलचाच दाखला हवा असेल तर माइक शेशेव्हस्की यांचा घ्या. 1980 साली ते अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे प्रशिक्षक झाले. दुसऱ्या मोसमात संघाने 10 सामने जिंकले, 17 हरले. तिसऱ्यात 11 जिंकले, पुन्हा 17 हरले. माजी विद्यार्थी त्यांना काढा म्हणून मागे लागले. क्रीडा विभागाचे प्रमुख टॉम बटर्स यांनी उलट त्यांचा करार वाढवला. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद आलं 1991 साली, म्हणजे अकराव्या मोसमात. एकूण आली पाच. 1983 साली टोळक्याचं ऐकलं असतं तर यातलं काहीही झालं नसतं.

तेवढं लांब जायचं नसेल तर मराठवाड्यातच धाराशिव पाहा. खो-खोत तिथली सारिका काळे भारताची कर्णधार झाली, 2020 साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. प्रशिक्षक चंद्रजित जाधव एका मोसमापुरते आले आणि गेले असं तिथे झालं नाही. एकाच मैदानावर एकामागून एक पिढी उभी राहिली.

पहिल्याच वर्षी ढाल मागितली की काय होतं, तेही स्पष्ट बोलू. प्रशिक्षकापुढे एकच आडवाट उरते: खेळाडू आयात करणं. बाहेरगावचे तयार खेळाडू स्पर्धेपुरते प्रवेश घेतात, सामने खेळतात, प्रमाणपत्र घेऊन जातात. ढाल प्राचार्यांच्या खोलीत लागते, फोटो छापून येतो. चुडाव्याहून किंवा लिंबगावहून रोज येणारा, सकाळी साडेसहाला मैदानावर हजर राहणारा मुलगा बाकावर बसून टाळ्या वाजवतो. त्याला मी विजय मानत नाही. त्या मुलाचा तो पराभव आहे, आणि तो त्याच्याच कॉलेजने केलेला.

शिवाय ज्याला आपण प्रशिक्षक म्हणतो तो बहुतेक ठिकाणी शारीरिक शिक्षण संचालक असतो. कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळे संघ त्याच्याच गळ्यात. ते पद रिकामं असेल तर तासिका तत्त्वावर कोणीतरी येतं, आणि पुढच्या जूनमध्ये तो माणूस असेल की नाही, हे त्यालाही ठाऊक नसतं. अशा माणसाकडून तीन वर्षांची आखणी कशी मागणार?

मग यंदा अपेक्षा धरायची ती कशाची? माझं म्हणणं असं की संघ किती सामने जिंकतो यापेक्षा तो कसा हरतो, हे पाहावं. शेवटच्या दहा मिनिटांत पाय जड होतात का? फ्री थ्रो पडतात का? पाच फाऊल होऊन मुख्य खेळाडू बाहेर गेला तर बाकावरचा मुलगा गोंधळतो की जागा सांभाळतो? आणि सगळ्यांत मोठी खूण म्हणजे स्पर्धा संपल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत, मैदानावर किती पोरं उरतात. तेव्हा दहा-बारा जण रोज येत असतील तर प्रशिक्षक कामाचा आहे, मग पहिल्या फेरीत हार झाली असली तरी चालेल.

पदवीची मुलं दोन-तीन वर्षांत निघून जातात, त्यामुळे संघ दरवर्षी अर्धा रिकामा होतो. त्यावर उपाय अकरावीपासून सुरुवात करण्याचा. कनिष्ठ महाविद्यालयातली मुलं विद्यापीठाच्या स्पर्धेत खेळू शकत नाहीत, पण 19 वर्षांखालील शालेय स्पर्धा त्यांच्यासाठी आहेतच. आज अकरावीत हाताला चेंडू लागलेला मुलगा पदवीच्या पहिल्या वर्षाला येईल तेव्हा तयार असेल. नव्या प्रशिक्षकाने पहिल्या महिन्यात एवढं एक काम केलं तरी मी त्याच्या बाजूने उभा राहीन.

आपल्याकडची अडचण अमेरिकेतल्या कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. पावसाळा सरता सरता स्पर्धा येतात आणि नेमकी तेव्हाच सोयाबीनची काढणी असते. घरी माणूसबळ कमी, मजुरी महाग, मुलगा शेतात लागतोच. सरावाला दांडी मारली म्हणून त्याला संघातून काढणारा प्रशिक्षक शिस्तीचा वाटेल, पण त्याला हा मुलूख कळला नाही. सरावाची वेळ त्या पंधरवड्यात बदलावी, परतीच्या गाडीचं वेळापत्रक आधी पाहावं, मुलांच्या घरी जाऊन बापाशी बोलावं. ही कामं शिट्टी वाजवण्याइतकीच प्रशिक्षणाचा भाग आहेत.

माझा अंदाज विचाराल तर यंदा ढाल येणार नाही, आणि न आल्याने काही बिघडणार नाही. प्राचार्य आणि संस्थाचालकांना विनंती एवढीच, की नव्या प्रशिक्षकाला तीन वर्षं द्या, सिमेंटचं एक धड कोर्ट द्या, आणि आयात खेळाडूंच्या अर्जावर सही करू नका. पालकांना विनंती, काढणीच्या दिवसांत पोराला आठवड्यातून दोन सकाळी तरी मैदानावर जाऊ द्या.